टेबलावरचा दूरध्वनी आणि हस्तांतरित झालेली जबाबदारी

ब्रिटनमधील तांब्याच्या तारांवर चालणारी सार्वजनिक दूरध्वनी यंत्रणा २०२५ च्या अखेरीस कायमची बंद करण्याचे तेथील प्रमुख दूरध्वनी कंपनीने २०१७ साली जाहीर केले होते. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. तंत्रज्ञान अपुरे पडले म्हणून हा विलंब झाला, असे नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध आणि आजारी माणसांच्या घरी, कळ दाबताच मदत केंद्राला वर्दी देणारी जी उपकरणे बसवलेली असतात, ती नव्या यंत्रणेशी जोडल्यावर काही ठिकाणी ऐन वेळी चाललीच नाहीत. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला कंपन्यांकडून लेखी हमी घ्यावी लागली आणि स्थित्यंतराचा वेग आवरावा लागला. जर्मनीने हेच स्थित्यंतर २०२० च्या सुमारास बहुतांशी पुरे केले. जगातील बहुतेक प्रगत देश आज त्याच वाटेवर आहेत.

आपल्याकडे हा बदल गाजावाजा न होता, निविदांच्या मार्गाने आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून घडत आहे. सरकारी कार्यालये, बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि कारखाने येथील जुने ईपीएबीएक्सचे बोर्ड मोडीत निघत आहेत आणि त्यांच्या जागी संगणकाच्याच जाळ्याला जोडलेले, इंटरनेटच्या पद्धतीने चालणारे दूरध्वनी टेबलावर येत आहेत. दिसायला दोन्ही यंत्रे सारखीच. रिसीव्हर तोच, कळा त्याच, घंटाही जवळजवळ तीच. त्यामुळे जुना फोन काढून नवा बसवला एवढेच काय ते झाले, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. प्रत्यक्षात यंत्राबरोबर एक फार मोठी जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहे. ज्याच्या हातात ती आली, त्याला तिची पुरेशी जाणीव नाही, आणि ज्याने ती करून द्यायची त्या शासनाने अद्याप ठाम नियम केलेला नाही. प्रश्न आहे तो हा.

जुन्या यंत्रणेचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. पण त्यानंतर शंभर वर्षांनीही सामान्य माणसाला नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत होती. मिळालेला फोन पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे मुका होई आणि लागलाच तर तिसऱ्याच दोन माणसांचे संभाषण कानी पडे. १९८४ साली सी-डॉटची आणि १९८६ साली महानगर टेलिफोन निगमची स्थापना झाली, ती याच असंतोषाच्या पार्श्वभूमीवर. देशातील तारेच्या दूरध्वनींची संख्या २००६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात गेली होती. मोबाइलने तिला ओहोटी लावली आणि २०२० पर्यंत ती दोन कोटींच्या आसपास आली. पुढे ऑप्टिकल फायबरची जोडणी घरोघर पोहोचू लागली, तशी ही संख्या पुन्हा वाढू लागली. परंतु या नव्या जोडणीतील तार तांब्याची नव्हे, काचेची आहे. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. दूरध्वनी केंद्रात ४८ व्होल्टचे मोठे विद्युतघट असत आणि त्यांच्यावर शहरातील प्रत्येक फोन चाले. घरातील किंवा कचेरीतील दिवे गेले तरी साध्या फोनला त्याची वार्ता नसे, कारण त्याला लागणारी वीज मैल-दोन मैलांवरून येत असे. त्या विद्युतघटांची निगा राखणे, त्यांच्या जोडीला जनित्र ठेवणे, तार कोणत्या इमारतीत जाते याची नोंद ठेवणे आणि त्या तारेवर तिसऱ्याला शिरू न देणे ही सारी कामे दूरध्वनी खात्याची होती. खात्याच्या कारभाराविषयी तक्रारी अनंत होत्या, आणि त्या खऱ्याही होत्या. तथापि कचेरीच्या व्यवस्थापकाला या चार गोष्टींचा विचार कधी करावा लागला नाही. काच वीज वाहून नेत नाही. तेव्हा नवा फोन ज्या क्षणी टेबलावर येतो, त्या क्षणी वीज, पत्ता, वाहतुकीची शिस्त आणि सुरक्षितता या चारही गोष्टी खात्याच्या हिशेबातून निघून कचेरीच्या हिशेबात जमा होतात. त्याची पावती मात्र कोणी देत नाही.

शिस्तीचा प्रश्न

नव्या यंत्रणेत आवाजाचे काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप होते आणि प्रत्येक मोजमाप आठ अंकांत लिहिले जाते. म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक. हे अंक साधारणपणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत बांधून, प्रत्येकावर पत्ता लिहून, जाळ्यात सोडले जातात. पत्त्याचे ओझे धरून एका बाजूचे संभाषण सेकंदाला सुमारे ८०,००० अंकांचे होते. शंभर माणसे एकाच वेळी बोलत असली तरी हा भार आजच्या कोणत्याही बऱ्या जाळ्याला क्षुल्लक आहे. म्हणूनच ‘आमच्याकडे इंटरनेट वेगवान आहे, फोनला काय लागते?’ असा प्रश्न आत्मविश्वासाने विचारला जातो.

या प्रश्नातच चूक आहे. आवाजाला रुंद रस्ता लागत नाही. त्याला वेळेवर सुटणारी आणि वेळेवर पोहोचणारी गाडी लागते. एखादे पत्र दोन सेकंद उशिरा आले म्हणून वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही. पण बोलण्याचा तुकडा उशिरा आला तर त्याचा उपयोग उरत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज जाण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीचे सार आहे. कचेरीत कोणी मोठी फाइल उतरवून घेऊ लागला, किंवा सगळ्या संगणकांनी एकदम आपापले नवे सॉफ्टवेअर मागवले, की आवाजाचे तुकडे रांगेत अडकतात आणि बोलणे तुटू लागते. यासाठी फोनची वाहतूक संगणकाच्या वाहतुकीपासून वेगळी काढावी लागते, तिच्यावर प्राधान्याची खूण करावी लागते आणि वाटेतील प्रत्येक स्विचला व राउटरला ती खूण मानण्यास शिकवावे लागते. एका जरी टप्प्यावर ती मानली गेली नाही, तरी बाकीच्या सर्वांची मेहनत फुकट जाते.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. कॉल लावण्याची आणि तोडण्याची सूचना एका वाटेने जाते. प्रत्यक्ष आवाज दुसऱ्याच वाटेने जातो. कचेरीच्या वेशीवर बसवलेला फायरवॉल पहिलीला सोडतो आणि दुसरीला एका दिशेने अडवतो. मग घंटा वाजते, फोन उचलला जातो, आपले बोलणे पलीकडे ऐकू जाते आणि पलीकडचे मात्र आपल्याला ऐकू येत नाही. किंवा याच्या उलट घडते. यंत्र निकामी नाही, तार तुटलेली नाही, तरी संभाषण नाही. फोन पुरवणारा जाळ्याला दोष देतो, जाळे सांभाळणारा इंटरनेट कंपनीला दोष देतो आणि इंटरनेट कंपनी फोनकडे बोट दाखवते. पूर्वी तक्रार नोंदवण्यासाठी एक क्रमांक होता. तो वेळेवर उचलला जात नसे, ही गोष्ट वेगळी; पण जबाबदार कोण, याविषयी तरी वाद नव्हता.

विजेचा प्रश्न

या फोनला वीज मिळते ती बहुधा जाळ्याच्या तारेतूनच. २००३ साली ठरलेल्या मानकानुसार स्विचच्या प्रत्येक तोंडातून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते. योगायोग असा की तिचा दाबही ४८ व्होल्टच्याच आसपास असतो. दूरध्वनी केंद्रातील विद्युतघट जणू लहान होऊन कचेरीच्या एखाद्या कपाटात येऊन बसला आहे. पण केंद्रातील घटाला तासन् तास तग धरण्याची शिस्त होती आणि त्याच्या जोडीला जनित्र होते. कपाटातील स्विचमागे बहुतेक ठिकाणी एक साधा यूपीएस असतो. एका फोनला पाच वॉट धरले तरी ४८ फोनांना २४० वॉट लागतात; त्यात खुद्द स्विचची गरज वेगळी. त्याच यूपीएसवर आणखी दोन संगणक आणि एक छपाईयंत्र चालवले जात असेल, तर वीज गेल्यावर काही मिनिटांतच सगळी कचेरी एकदम मुकी होते.

आपल्याकडे हे भय काल्पनिक नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा कित्येक तास खंडित झाला होता, आणि ज्या शहराचा वीजपुरवठा देशात सर्वांत भरवशाचा समजला जातो, त्या शहराची ही गोष्ट. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील ग्रामीण रुग्णालयाला अशा खंडासाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. ब्रिटनमध्ये जे ग्राहक संपूर्णपणे तारेच्या फोनवर अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन मदत मागता येईल अशी सोय करून देणे कंपन्यांचे कर्तव्य ठरवण्यात आले आहे. एक तास हे प्रमाण पुरेसे की अपुरे, यावर तेथेही वाद आहे. आपल्या निविदांमध्ये मात्र ‘वीज गेल्यावर फोन किती वेळ चालला पाहिजे?’ हे कलम बहुधा नसतेच.

पत्त्याचा प्रश्न

सर्वांत गंभीर बाब आहे ती आपत्कालीन क्रमांकाची. अमेरिकेत टेक्सास राज्यातील मार्शल या गावी डिसेंबर २०१३ मध्ये कॅरी हंट नावाच्या तरुणीची एका हॉटेलच्या खोलीत हत्या झाली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतील फोनवरून पोलिसांचा ९११ हा क्रमांक चार वेळा फिरवला. शाळेत शिकवले होते, तसाच तिने तो फिरवला. पण त्या हॉटेलातून बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी ९ हा अंक दाबावा लागत होता आणि ते तिला माहीत नव्हते. चारही वेळा फोन लागला नाही. मुलीच्या आजोबांनी चालवलेल्या मोहिमेतून २०१८ साली अमेरिकेत तिच्या आईच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवल्या जाणाऱ्या कचेऱ्यांच्या व हॉटेलांच्या दूरध्वनी यंत्रणांतून कोणताही उपसर्ग न लावता ९११ लागला पाहिजे, आणि असा फोन गेल्याची सूचना त्याच वेळी इमारतीतील जबाबदार व्यक्तीलाही मिळाली पाहिजे, असे बंधन त्याने घातले. फोन इमारतीच्या कोणत्या भागातून आला, हे मदत केंद्राला कळले पाहिजे, अशी तरतूद त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने केली.

आपल्याकडील परिस्थिती याहून बरी आहे, असे मानण्यास जागा नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबण्याची सवय आपल्या कचेऱ्यांच्या हाडीमांसी खिळलेली आहे. त्यातच तीन अंकी एक्स्टेंशनची पद्धत रूढ आहे. पहिल्या मजल्यावरील खोल्यांना १०० पासून पुढचे क्रमांक दिले, की पोलिसांचा १००, अग्निशमन दलाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि साऱ्यांचा मिळून झालेला ११२ हे चारही क्रमांक कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बसतात. अशा कचेरीत आग लागली असता एखाद्याने घाईघाईने ११२ दाबला, तर पहिल्या मजल्यावरील बाराव्या खोलीत घंटा वाजेल. आणि त्या खोलीतील माणसे एव्हाना जिना उतरून गेलेली असतील. हा दोष यंत्राचा नाही. क्रमांकांचा आराखडा आखताना कोणी पाच मिनिटे विचार केला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पत्त्याचा दुसरा घोळ शाखांच्या बाबतीत होतो. नव्या पद्धतीत अनेक शाखांचे फोन एकाच मध्यवर्ती सर्व्हरला जोडता येतात आणि सर्वांचे बाहेरचे कॉल मुख्य कचेरीच्या जोडणीतून पाठवता येतात. खर्च वाचतो, म्हणून तसे केलेही जाते. आता मुख्य कचेरी बंगळुरूला आणि शाखा कोल्हापूरला असेल, तर कोल्हापुरातून फिरवलेला ११२ बंगळुरूच्या क्रमांकाचे रूप घेऊन बाहेर पडतो. ११२ ची केंद्रे राज्यवार आहेत. कोल्हापुरातील संकटाची वर्दी कर्नाटकातील केंद्रात पोहोचणार, तेथील माणूस कन्नडमध्ये पत्ता विचारणार, आणि विचारण्याआधीच फोन तुटला तर मदत बंगळुरूच्या मुख्य कचेरीकडे निघणार. तांब्याची तार एका इमारतीत येऊन संपत असे. तोच तिचा पत्ता होता. नवा फोन मात्र कोणत्याही जाळ्याला जोडला की तेथूनच बोलू लागतो. त्याचा पत्ता कोणीतरी लिहून ठेवला तरच तो असतो, आणि फोन हलवल्यावर बदलला तरच तो खरा असतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

जुन्या फोनवर चोरून बोलायचे तर कोणाला तरी खांबावर चढावे लागे. नव्या फोनवर जगाच्या दुसऱ्या टोकाकडून हात घालता येतो. फोनबरोबर आलेला परवलीचा शब्द जसाच्या तसा ठेवलेला असतो, सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकलेला असतो, आणि असे सर्व्हर शोधत फिरणारी स्वयंचलित यंत्रे रात्रंदिवस दार ठोठावीत असतात. दार उघडले की शनिवारी रात्री दूरदेशीच्या महागड्या क्रमांकांवर कॉल लावले जातात. त्या क्रमांकांच्या उत्पन्नात चोरांचा वाटा असतो. सोमवारी कचेरी उघडते तेव्हा बिल झालेले असते, आणि कॉल आपल्याच यंत्रणेतून गेलेले असल्याने ते नाकारणे सोपे नसते. मार्च २०२३ मध्ये तर जगभर वापरल्या जाणाऱ्या ३सीएक्स या कचेरी-दूरध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्येच घातक भाग घुसवण्यात आल्याचे उघडकीस आले. ज्यांनी ते सॉफ्टवेअर नियमितपणे अद्ययावत ठेवले होते, त्यांच्याच संगणकांपर्यंत तो भाग पोहोचला. तेव्हा एकदा यंत्रणा बसवली आणि निश्चिंत झालो, असे येथे कधीच म्हणता येत नाही.

केवळ मोठ्या कंपनीच्या हाती सोपवल्याने ही काळजी संपते, असेही नाही. २५ जून २०२३ रोजी ब्रिटनमध्ये ९९९ या आपत्कालीन क्रमांकाची यंत्रणा दहा तासांहून अधिक काळ विस्कळित झाली आणि सुमारे १४,००० कॉल लागू शकले नाहीत. मूळ कारण होते एका सर्व्हरवरील फाइलीत झालेली चूक. पर्यायी यंत्रणेकडे वळण्याचा पहिला प्रयत्नही फसला, कारण त्यासाठीच्या सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या आणि कर्मचाऱ्यांना त्या कृतीचा सराव नव्हता. तेथील नियामकाने जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीला एक कोटी ७५ लाख पौंडांचा दंड केला. देशाची आपत्कालीन सेवा चालवणाऱ्या संस्थेची जर ही अवस्था होते, तर जिल्ह्याच्या गावी एका कंत्राटदाराने दोन दिवसांत बसवून दिलेल्या यंत्रणेचा सराव कोणी केला असेल?

मोबाइल आहे ना?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना टेबलावरच्या फोनची एवढी चिंता कशाला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु मोबाइल माणसाचा असतो. कचेरीचा क्रमांक संस्थेचा असतो. माणूस रजेवर जातो, बदलून जातो, निवृत्त होतो. रुग्णालयातील परिचारिकेला रक्तपेढीशी बोलायचे असते तेव्हा तेथील कोणा व्यक्तीचा खासगी क्रमांक तिला ठाऊक असेलच असे नाही. तळघरात, लिफ्टमध्ये, जाड भिंतींच्या शस्त्रक्रियागृहात मोबाइल लागतोच असे नाही. दुष्काळाच्या वा पुराच्या दिवसांत तहसील कचेरीला फोन करणाऱ्या गावकऱ्याला कोणाचा मोबाइल नको असतो. त्याला सरकार हवे असते. शासनाचा क्रमांक वाजत राहतो आणि उचलला जातो, यावर नागरिकाचा विश्वास काही अंशी तरी अवलंबून असतो.

नव्या यंत्रणेला विरोध करण्याचाही येथे हेतू नाही. तिचे लाभ मोठे आहेत. वेगळे तारकाम लागत नाही. टेबल हलले की फोनही हलतो. शाखाशाखांतील बोलणे जवळपास विनामूल्य होते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कंपन्यांना आपली मदत केंद्रे कर्मचाऱ्यांच्या घरून चालवता आली, ती याच तंत्रज्ञानामुळे. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा केंद्रांवरील नोंदणीची जुनी बंधने काढून टाकली, तीही योग्यच होती. आपल्याकडे इंटरनेटवरील दूरध्वनीला एप्रिल २००२ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली आणि देशांतर्गत क्रमांकांशी जोडणीची वाट जून २०१८ मध्ये मोकळी झाली. सोळा वर्षे सरकारने या तंत्राकडे मुख्यतः महसूल बुडवणारा आगंतुक म्हणून पाहिले. आता तो घरचाच झाला आहे, तेव्हा त्याच्यावर घरच्या जबाबदाऱ्याही टाकल्या पाहिजेत.

नेमके येथेच धोरण अडखळले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मधील आपल्या शिफारशींत इंटरनेट दूरध्वनीवरून आपत्कालीन क्रमांक लागावेत यासाठी कंपन्यांना उत्तेजन द्यावे, पण तूर्त सक्ती करू नये, आणि या मर्यादेची कल्पना ग्राहकाला स्पष्ट शब्दांत द्यावी, असे म्हटले होते. त्या वेळी ही भूमिका समजण्यासारखी होती. सेवा नवी होती आणि तिचा वापर जुन्या फोनला पूरक म्हणून होत होता. आज अनेक इमारतींत जुना फोन उरलेलाच नाही. पूरक वस्तू एकमेव झाली, की तिला दिलेली सवलत चालू ठेवता येत नाही. शिवाय सूचना द्यायची ती ‘ग्राहकाला’. कचेरीच्या बाबतीत ग्राहक म्हणजे खरेदी विभागातील अधिकारी. आणि ऐन वेळी फोन उचलणारा असतो रात्रपाळीचा पहारेकरी, वॉर्डातील रुग्ण किंवा वसतिगृहातील मुलगी. त्यांना ही सूचना कोण देणार?

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिक तर मुळीच नाहीत. पहिले पाऊल निविदेत टाकले पाहिजे. आज निविदेत फोनांची संख्या, त्यांच्या पडद्याचा आकार आणि हमीची वर्षे लिहिली जातात. सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराला काम मिळते. तो फोन मोजून देतो आणि निघून जातो. यंत्रणेची मांडणी त्याच्या एका तंत्रज्ञाच्या डोक्यात राहते आणि परवलीचे शब्द त्याच्या वहीत. त्याऐवजी स्वीकृतीच्या दिवशी चार चाचण्या घेण्याची अट असावी. मुख्य वीज बंद करून फोन किती वेळ चालतात ते घड्याळ लावून पाहावे. प्रत्येक मजल्यावरून, मदत केंद्राला आधी कळवून, ११२ लावून पाहावा आणि पलीकडे कोणता पत्ता दिसतो ते विचारावे. जाळ्यावर मुद्दाम भार टाकून बोलणे तुटते का ते ऐकावे. मूळचे सर्व परवलीचे शब्द बदलल्याची, आणि ज्यांना गरज नाही त्या फोनांवरून परदेशी कॉल बंद केल्याची खातरजमा करावी. मांडणीच्या फाइली, क्रमांकांचा आराखडा आणि किल्ल्या संस्थेच्या कपाटात आल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.

दुसरे पाऊल नियमाचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला. त्याखालील नियमांत तीन साध्या तरतुदी करता येतील. एक, कोणत्याही कचेरीतून, हॉटेलातून वा रुग्णालयातून ११२ उपसर्गाविना लागला पाहिजे, आणि हा क्रमांक कोणालाही एक्स्टेंशन म्हणून देता कामा नये. दोन, असा कॉल ज्या जागेतून होतो, त्या जागेच्याच राज्यातील केंद्राकडे आणि तिच्याच पत्त्यासह गेला पाहिजे. तीन, रुग्णालये, शाळा, वसतिगृहे आणि शासकीय कार्यालये येथील ठरावीक फोन वीज गेल्यावरही ठरावीक काळ चालले पाहिजेत. अमेरिकेला हे सुचण्यासाठी एका आईचा बळी जावा लागला. आपण तिच्या मुलीचा अनुभव उसना घेऊ शकतो.

तिसरे पाऊल राज्य सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतींतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. पाण्याचा नळ, धोक्याची घंटा आणि जिना तपासणाऱ्या माणसाने त्याच फेरीत टेबलावरचा फोन उचलून ११२ लागतो का, एवढे पाहिले तर त्याचे काम पाच मिनिटांनीच वाढेल. आगीची वर्दी देण्याचे साधन हा जीवसंरक्षणाचा भाग नाही, असे कोण म्हणेल?

दूरध्वनी खात्याच्या काळात फोन बंद पडला, तर सरकारला दोष देऊन मोकळे होता येत असे. ती सोय आता राहिलेली नाही. प्रत्येक कचेरी स्वतःच एक छोटे दूरध्वनी केंद्र झाली आहे. केंद्राचे सामान तिने विकत घेतले. केंद्राची कर्तव्ये मात्र अद्याप तिच्या वहीत चढलेली नाहीत. ती चढवून घेणे हे कचेरीच्या प्रमुखाचे काम आहे, आणि ती चढली की नाही हे पाहणे शासनाचे. रात्रीच्या वेळी, वीज गेलेली असताना, एखाद्या वॉर्डातील माणूस जेव्हा रिसीव्हर उचलेल, तेव्हा ते यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसेल. पलीकडून आवाज आला पाहिजे आणि मदत त्याच्याच दारी आली पाहिजे, एवढीच त्याची मागणी असेल. जुन्या यंत्रणेने तिच्या साऱ्या दोषांसह ही मागणी बऱ्याच अंशी पुरी केली होती. नव्या यंत्रणेकडून त्याहून कमी स्वीकारण्याचे काहीच कारण नाही.